केबलवाल्या गाडीत शॉर्ट शिफ्टर: बसवणं आणि जुळवणं

माझी उंची पाच फुटांच्या आत. क्लच पूर्ण दाबायचा तर सीट पुढे घ्यावीच लागते, आणि सीट पुढे घेतली की दुसरा गिअर टाकताना कोपर सीटच्या पाठीवर आपटायचं. चौथ्याला तेच. गर्दीच्या रस्त्यावर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत तासभर गेला की घरी येईपर्यंत खांदा ठणकायचा. शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअर टाकताना नॉबची चाल कमी करणारा सुटा भाग, बसवायचं मी मनावर घेतलं ते या खांद्यासाठी.

बसवायला दीड तास लागला. जुळवायला तीन रविवार गेले. किटसोबत येणाऱ्या कागदावर बसवण्याची चित्रं व्यवस्थित असतात आणि जुळवण्याचं काम दोन ओळींत उरकलेलं असतं, म्हणून त्या तीन रविवारांबद्दलच मी इथे जास्त लिहिते आहे.

आधी हिशेब समजून घ्या, म्हणजे किट निवडताना फसायला होणार नाही. गिअरचा दांडा म्हणजे शाळेत शिकलेली तरफ. मध्ये टेकू, वर नॉबपर्यंतची लांब भुजा, खाली आखूड भुजा. समजा टेकूच्या वर ३०० मिलिमीटर आहेत आणि खाली ५०. गिअर पडायला खालचं टोक १० मिलिमीटर सरकावं लागत असेल, तर नॉब ६० मिलिमीटर हलतो. आता टेकू १० मिलिमीटर वर उचलला तर वर २९० आणि खाली ६० राहतात, आणि त्याच कामाला नॉबची ४८ मिलिमीटर चाल पुरते. चाल पाचव्या हिश्श्याने कमी झाली. पण हाताला लागणारा जोर त्याच वेळी जवळजवळ २४ टक्क्यांनी वाढला. गिअरबॉक्सच्या आत काहीही बदललेलं नाही, तिथला गिअर तेवढंच अंतर आणि तेवढाच जोर मागतो. आपण फक्त अंतराच्या बदल्यात जोर द्यायला तयार झालो. म्हणून ‘चाल निम्मी करतो’ असं सांगणारा भाग मी घेतला नाही. चाल निम्मी म्हणजे जोर दुप्पट, आणि तो माझ्या खांद्याला नको होता. पंधरा ते वीस टक्के कपात रोजच्या गाडीला भरपूर झाली.

दांडा वरून कापून आखूड केला तरी चाल कमी होते. २५० आणि ५० असं माप झालं की ६० मिलिमीटरच्या जागी ५० लागतात. पण नॉब खाली जातो, आणि माझ्यासारखीला उलट वाकून हात खाली न्यावा लागतो. कापलेला दांडा परत लांब होत नाही, हेही लक्षात असू द्या.

गाडीत गिअरचा दांडा गिअरबॉक्सशी कसा जोडलाय यावर पुढचं सगळं अवलंबून. माझदा एमएक्स-५ सारख्या गाडीत, जिथे इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावरच्या कोठीत उतरतो. तिथे दांड्याच्या टोकाला प्लास्टिकची छोटी वाटी असते. जुन्या गाडीत दांडा वर ओढला की बऱ्याचदा ती वाटी तुकडे होऊन खाली तेलातच राहते. नवा दांडा घालण्यापूर्वी सगळे तुकडे वेचून काढावे लागतात आणि कोठीतलं तेल बदलावं लागतं, ते गिअरबॉक्सच्या तेलापासून वेगळं असतं. दुसरा प्रकार सळईचा, खालून लोखंडी सळई जाते. तिसरा केबलचा, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक गाड्या याच प्रकारच्या. माझीही तशीच, त्यामुळे पुढचं सगळं केबलबद्दल.

केबल दोन असतात. एक दांड्याची पुढे-मागे चाल नेते, दुसरी डावी-उजवी. गिअर प्रत्यक्ष घालते ती पहिली. दुसरी फक्त कुठल्या ओळीत शिरायचं ते ठरवते. शॉर्ट शिफ्टर यात दोन जागी बसू शकतो. एक तर गाडीच्या आत, दांड्याचा टेकू बदलून. किंवा बॉनेटखाली गिअरबॉक्सवर, जिथे पहिली केबल एका भुजेला ओढते. ती भुजा आखूड केली की तेवढाच कोन फिरवायला केबलला कमी सरकावं लागतं. मी हा दुसरा प्रकार घेतला. मूळ भुजा गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या दांडीच्या मध्यापासून केबल अडकते त्या गोळीपर्यंत ६० मिलिमीटर, नवी ४८. दोन्हीकडे दोन भाग एकदम लावू नका. कपातीचा गुणाकार होतो, वीस आणि वीस मिळून ३६ टक्के, आणि जोर दीडपटीच्या वर जातो. दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोला, म्हणजे गिअर गुंतण्याआधी वेग जुळवून देणाऱ्या कडीला, ते सोसत नाही.

आधी बुश, मग शिफ्टर

कामाला हात घालण्यापूर्वी मी नॉबची चाल मोजली. डॅशबोर्डपासून नॉबच्या मध्यापर्यंत टेप धरला, पहिल्यात एक माप, दुसऱ्यात एक, आणि वजाबाकी. १३२ मिलिमीटर आलं. तुम्हीही मोजा आणि लिहून ठेवा, नंतर आठवणीवर विसंबून काही कळत नाही.

मग केबलच्या टोकांचे रबरी बुश, म्हणजे टोकाच्या कडीत बसवलेले रबराचे तुकडे, पाहिले. बोटाने दाबले तर आतली नळी बाजूला सरकत होती. दांडा हलवला की आधी रबर दबायचं, मग केबल हलायची. हे बुश बदलल्यावर चाल परत मोजली, १२४. नुसत्या बुशने ८ मिलिमीटर गेले, आणि गिअर ‘कुठे पडला’ हे पहिल्यांदाच हाताला नीट कळू लागलं. तुमच्या गाडीने बराच पल्ला मारला असेल तर इथे थांबा, आठवडाभर चालवून बघा. कदाचित पुढचं काही करावंसंच वाटणार नाही.

बुश पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचेही मिळतात. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जवळपास शून्य होतो, पण गिअरबॉक्सची गुणगुण केबलवाटे नॉबपर्यंत येते. मी पॉलियुरेथेनचे घेतले, ते मधले. ग्रीस लावायचं ते सिलिकॉनचं. साधं पेट्रोलियम ग्रीस काही प्रकारच्या रबराला फुगवतं.

आणखी एक तपासणी शिफ्टर विकत घेण्याआधीच करा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. वर चढताना नाही पण खाली उतरवताना एखादाच गिअर खरखरत असेल तर त्या गिअरचा सिंक्रो थकलाय. अशा गाडीत शॉर्ट शिफ्टर लावला की त्रास वाढतो, कारण सिंक्रोला जुळवून घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, आणि आता आपण त्याच्यावर जास्त जोराने रेटा देतो.

बसवणं

गाडी सपाट जागी, इंजिन गार, हँडब्रेक ओढलेला, आणि चाकांना दोन्हीकडून ठोकळे. ठोकळे विसरू नका. केबल सुटली की आत नॉब पहिल्या गिअरमध्ये दिसत असला तरी गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये असू शकतो, आणि गाडी गिअरवर उभी आहे या भ्रमात राहिलं की ती घरंगळते.

माझ्या गाडीत गिअरबॉक्सच्या वरच बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा. बॅटरीची ऋण तार आधी काढायची, आणि शेवटी लावायची. फिल्टरचा डबा निघाला की इंजिनात जाणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडतं, त्यात लगेच स्वच्छ फडकं कोंबा. एखादा छोटा वायसर त्या नळीत पडला तर आजचं काम बाजूलाच राहील. मग केबल, भुजा आणि त्यांच्या मागचा स्टँड यांचे फोटो काढा, तीन बाजूंनी.

केबलचं टोक गोळीवर दाबून बसवलेलं असेल तर ते केबल धरून ओढू नका. खालून चपटा पाना सरकवून गोळीच्या अगदी जवळून वर उचला. सर्क्लिप (टोक अडकवून ठेवणारी गोल स्प्रिंगची क्लिप) असेल तर काढताना दुसरा हात तिच्यावर धरा. माझी उडाली ती सापडायला पंधरा मिनिटं गेली, इंजिनाच्या खालच्या पत्र्यात पडली होती.

भुजेचा नट सोडवताना एक काळजी. नुसता पाना लावून जोर दिला तर तो जोर दांडीवाटे आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कपर्यंत जातो. दुसऱ्या हाताने, किंवा दुसऱ्या पान्याने, भुजा घट्ट धरून ठेवायची आणि मग नट सैल करायचा. नट सैल होण्यापूर्वी दांडी आणि भुजा यांवर एक सरळ रेघ मारा. काही गाड्यांत दांडीच्या दात्यांमध्ये एक जागा मोकळी सोडलेली असते, त्यामुळे भुजा एकाच रीतीने बसते. काहींत तसं नसतं, आणि एक दाता चुकला तर पुढचं सगळं चुकतं. काढण्याआधी आजूबाजूची धूळ ब्रशने झाडून पुसून घ्या, दांडीच्या बुडाशी सील असतं आणि तिथे गेलेली वाळू ते खाऊन टाकते.

मूळ भुजेवर ओतीव लोखंडाचं वजन असतं बऱ्याचदा. ते हलवलेल्या गिअरला थोडा पुढचा धक्का देतं, सिंक्रोच्या अडथळ्यातून तो अलगद पार होतो. काही लोक हे वजन फालतू समजून काढतात. नव्या भुजेवर ते परत लावायची सोय होती, मी लावलं. एकदा काढूनही पाहिलं, तर दुसरा गिअर टाकताना दाणेदार काहीतरी हाताला लागायचं. परत लावून टाकलं.

नवी भुजा रेघेवर बसवा, नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या जोराला, कसा, गोळीवर थोडं ग्रीस, केबल जागेवर. बसवणं संपलं.

जुळवणं

पहिल्या रविवारी मी इथेच थांबले. सगळे गिअर उभ्या गाडीत पडले, मोजमाप केलं तर चाल १०० मिलिमीटर. मी खूश. रस्त्यावर तिसऱ्यात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि नॉब आपोआप न्यूट्रलमध्ये आला. पुन्हा टाकला, पुन्हा सटकला. पुढचा सगळा रस्ता दुसऱ्या आणि चौथ्यावर काढला.

दुसऱ्या रविवारी मोठ्या भावाला आत बसवलं आणि मी बॉनेटखाली.

‘दादा, क्लच दाब आणि तिसरा टाक. टाकलास की हात काढ.’

‘टाकला. काढला हात.’

मी अंगठ्याने भुजा तिसऱ्याच्या दिशेला ढकलली. ती आणखी तीनएक मिलिमीटर सरकली आणि मऊ ‘टक्’ असा आवाज आला. म्हणजे दादाच्या हाताला गिअर पडल्यासारखा वाटत होता, पण आत तो पूर्ण बसलेलाच नव्हता. दात अर्धेच गुंतलेले, पाय उचलल्यावर उलटा ताण आला की बाहेर. तसंच रेटत राहिले असते तर त्या दातांच्या कडा गोल झाल्या असत्या आणि मग गिअरबॉक्स उघडण्यावाचून इलाज नव्हता.

‘आता चौथा.’ चौथ्यात भुजा आपल्या शेवटच्या अडणीला टेकली होती आणि नॉब अजून मागे जाऊ पाहत होता. पहिला-तिसरा-पाचवा अपुरे, दुसरा-चौथा गरजेपेक्षा जास्त. केबलची सगळी चालच एका बाजूला सरकली होती.

का, हे कळायला जुनी आणि नवी भुजा शेजारी ठेवावी लागली. न्यूट्रलमध्ये भुजा केबलला अगदी काटकोनात नसते, थोडी कललेली असते. माझ्या गाडीत साधारण पंधरा अंश. कललेली भुजा १२ मिलिमीटरने आखूड झाली की तिच्या टोकाची गोळी केबलच्या दिशेने ३ मिलिमीटर सरकते. जुन्या मापाला जुळवलेली केबल तेवढीच चुकते. अंगठ्याने मोजलेले तीन आणि कागदावर काढलेले तीन जुळले तेव्हा मला फार बरं वाटलं. गिअरबॉक्सकडची भुजा बदलली की केबल पुन्हा जुळवावीच लागते.

जुळवायचं ते असं. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये आणा. त्याच्यावर दांडी न्यूट्रलमध्ये अडकवून ठेवायची सोय असेल तर ती वापरा, काही गाड्यांत दांडी दाबून एक छोटी खुंटी वळवावी लागते. आत कन्सोलचं झाकण काढा. दांड्याच्या बुडाशी न्यूट्रलला जुळणारं एक भोक बहुधा सापडतं, त्यातून पिन घालून दांडा पक्का करायचा. मी ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटची गुळगुळीत शेपटी घातली. दोन्ही टोकं न्यूट्रलमध्ये बांधली गेली की मगच केबलचे ॲडजस्टर मोकळे करा. केबल स्वतःच आपली लांबी शोधते. तिला ओढू नका, ढकलू नका, एकदा हलकं टिचकवून सोडा आणि ॲडजस्टर लॉक करा. आधी पुढे-मागेवाली, मग डावी-उजवीवाली. शेवटी ड्रिल बिट काढायला विसरू नका.

भोक नसेल तर दांडा स्प्रिंगच्या जोरावर तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत आपसूक मध्ये उभा राहतो तिथे सोडा, आणि कुणाला तरी तो दोन बोटांनी फक्त सांभाळायला सांगा.

तपासायची रीत मला या सगळ्यात सगळ्यात मोलाची वाटते. इंजिन बंद, क्लच दाबलेला. एक गिअर टाका. पडल्यानंतर नॉब त्याच दिशेला अजून हळूच दाबा. थोडं स्प्रिंगसारखं लवचीक अंतर जाणवलं पाहिजे, केबल आणि बुश दबल्याचं. ते अंतर म्हणजे गिअर पूर्ण बसल्याची खूण. ते पुढे पडणाऱ्या गिअरना आणि मागे पडणाऱ्यांना जवळपास सारखं हवं. एका बाजूला अजिबात नाही आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट, तर केबल पुन्हा जुळवा. इंजिन बंद असताना एखादा गिअर अडला तर घाबरू नका, आत दातासमोर दात आलेला असतो. गाडी न्यूट्रलमध्ये हाताने थोडी पुढे ढकला आणि परत पाहा.

त्या दिवशी तिसरा जागेवर बसला, पण पाचवा तोंडाशी अडखळू लागला. डावी-उजवीवाली केबल लॉक करताना माझा हात दांड्याला लागून तो जरा कलला होता. तिसरा रविवार त्यात गेला. हे दुर्लक्षू नका, कारण ओळ चुकली की पाचव्याच्या जागी भलताच गिअर शोधला जातो, आणि वेगात पाचव्याऐवजी तिसरा पडला तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं. रिव्हर्सची अडणीही तपासा. रिंग उचलल्याशिवाय किंवा नॉब दाबल्याशिवाय, तुमच्या गाडीत जी रीत असेल तिच्याशिवाय, रिव्हर्समध्ये शिरता येता कामा नये.

इंजिन चालू करण्यापूर्वी न्यूट्रल खरंच न्यूट्रल आहे ना ते पाहा. ठोकळे काढून, हँडब्रेक सोडून, क्लचला पाय न लावता गाडी ढकला. ती सहज सरकली पाहिजे. मग मोकळ्या जागी पहिला आणि रिव्हर्स, मग हळू वेगात वरचे. प्रत्येक गिअरमध्ये दोनदा ॲक्सिलरेटर द्या आणि झटकन सोडा. हात नॉबवर ठेवू नका, नाहीतर सटकणारा गिअर तुमच्याच हाताने धरून ठेवला जाईल.

नॉबवर हात विसावायची सवय असेल तर ती आता सोडा. आत फोर्क गिअर गुंतवणाऱ्या फिरत्या कडीवर, स्लीव्हवर, घासत राहतो. थंडीत पहिली पाच-दहा मिनिटं दुसरा गिअर जड लागेल, तेल गरम होईपर्यंत. तेव्हा न्यूट्रलपाशी क्षणभर थांबून मग ओढा. तेल जुनं असेल तर बदला, आणि पुस्तिकेत जीएल-४ हा तेलाचा दर्जा लिहिला असेल तर तेच भरा. त्याच्या जागी जीएल-५ घालू नका, त्यातली काही द्रव्यं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत.

भुजेचा नट आठवड्याने पुन्हा पाहिला तर पाव फेऱ्याहून कमी, पण फिरला. घट्ट केला आणि नटावरून दांडीवर पांढऱ्या पेंटची रेघ ओढली. आता बॉनेट उघडलं की टॉर्च मारून एवढंच बघते, रेघ सरळ आहे का.